‘सर्व्हर डाऊन आहे’ : एका वाक्यातला हरवलेला कर्ता

संगणकाच्या जगातून मराठीत आलेलं सगळ्यात यशस्वी वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ रेशन दुकानात, सेतू केंद्रात, बँकेच्या खिडकीवर, प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत, सगळीकडे ते ऐकू येतं. आयुष्यात कधी कीबोर्डला हात न लावलेली आजीसुद्धा घरी येऊन सांगते, “आज सर्व्हर डाऊन होता, उद्या बोलावलंय.” या वाक्याचं भाषांतर करायची गरज कुणाला पडली नाही. ते ऐकल्यावर रांगेतला माणूस पुढचा प्रश्नही विचारत नाही. पाऊस आला की आपण आडोसा बघतो, पावसाला जाब विचारत नाही, तसंच हे.

शाळेत कर्ता शोधायची एक युक्ती शिकवतात. क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावायचं आणि ‘कोण’ विचारायचं. डाऊन असणारा कोण? सर्व्हर. व्याकरणाचं समाधान झालं. पण तो सर्व्हर चालू ठेवणारा कोण, तो कुणाच्या मालकीचा, आपली मागणी तिथवर पोचली होती की वाटेतच अडली, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. वेबचे प्राथमिक शब्द इंग्रजी आहेत ही माझ्या मते खरी अडचण नाही. अडचण ही आहे की ते कर्ता लपवतात, आणि ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून तयार होणाऱ्या शब्दावल्या त्यात भर घालतात.

नामांच्या याद्या

अशी एखादी शब्दावली तुम्ही पाहिली असेलच. ब्राउझर म्हणजे वेबपानं पाहण्याचं सॉफ्टवेअर. सर्व्हर म्हणजे माहिती साठवणारा संगणक. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या फोनमध्ये ठेवलेली छोटी फाइल. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरची साठवणूक. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. पण सगळी वाक्यं ‘अमुक म्हणजे तमुक’ या एकाच साच्यातली आहेत. परीक्षेत दोन मार्क मिळवायला ती पुरतात. कोण कुणाकडे काय मागतं, कोण काय देतं, कोण काय लक्षात ठेवतं, ही क्रियापदं मात्र गाळलेली असतात.

मराठीत या विषयावर वाद झाला तर तो वेगळ्याच मुद्द्यावर होतो. एक तट म्हणतो : संकेतस्थळ, न्याहाळक, विदा असे शब्द वापरा. दुसरा म्हणतो : सगळं जग साइट, ब्राउझर, डेटा म्हणतंय, उगाच कशाला? दोन्ही तट बरणीवरच्या चिठ्ठीबद्दल भांडतायत, बरणीत काय आहे याबद्दल नाही. ‘संगणक’ रुळला, ‘न्याहाळक’ तितका रुळला नाही, आणि दोन्हींमुळे कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडतं तेव्हा, जेव्हा शब्द मराठी असो की इंग्रजी, तो हाताशी असूनही आपल्याला नेमका प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून मी इथे थोडेच शब्द घेणार आहे आणि प्रत्येकाला एकच कसोटी लावणार आहे : या शब्दातून कर्ता दिसतो का?

पान ‘उघडतं’ म्हणजे काय होतं?

आधी एक गोंधळ बाजूला करू. इंटरनेट आणि वेब एक नाहीत. इंटरनेट म्हणजे निरनिराळ्या नेटवर्कांना जोडणारं नेटवर्क. त्याची मुळं १९६९ च्या अर्पानेटपर्यंत जातात, आणि ज्या नियमांवर ते आजही चालतं ते टीसीपी/आयपी नियम अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ ला लागू झाले. वेब त्यानंतरचा. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांसाठी खुलं केलं. इंटरनेट हा रस्ता धरला तर वेब ही त्यावरून धावणारी एक एसटी. ईमेल ही दुसरी गाडी. आपण ‘नेट संपलं’ म्हणतो तेव्हा मात्र यातलं काहीच संपलेलं नसतं. आपला रिचार्ज संपलेला असतो.

प्रयोगशाळेतली माहिती विखुरलेली राहू नये, एका कागदपत्रातून दुसऱ्यात सहज जाता यावं, ही बर्नर्स-ली यांची गरज होती. त्यामुळे वेबची बरीच भाषा कागदाची आहे. पान, बुकमार्क, चाळणे. मराठी विकिपीडियाने तर घराला, म्हणजे ‘होम’ला, बाजूला सारून सरळ ‘मुखपृष्ठ’ म्हटलं. ही उपमा गोड आहे आणि सुरुवातीला उपयोगीही पडते. पण ती एका जागी दगा देते, आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे.

पुस्तकाचं पान उघडताना पुस्तक काही करत नाही. वेबचं पान उघडतच नाही. ते मागवावं लागतं. तुम्ही लिंकवर बोट ठेवता तेव्हा फोन आधी डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारतो, या नावाच्या साइटचा आकडी पत्ता काय? पत्ता मिळाला की ब्राउझर त्या पत्त्यावरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवतो. मागणीसोबत आणखीही काही जातं : तुम्ही कोणता ब्राउझर वापरता, तुम्हाला कोणती भाषा आधी हवी, आणि उत्तर परत कुठे पाठवायचं तो तुमच्या जोडणीचा पत्ता. सर्व्हर उत्तरादाखल एचटीएमएल पाठवतो. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, लिंक कुठली याचा तो मजकूर असतो. रंगरूप सांगणारं सीएसएस आणि हालचाल घडवणारं जावास्क्रिप्ट त्याच्या मागोमाग मागवलं जातं. या सगळ्यातून ब्राउझर तुमच्या फोनवर पान रचतो. बातमीच्या एका पानासाठी अशा डझनावारी मागण्या जाऊ शकतात, आणि त्यातल्या काही ती बातमी देणाऱ्याकडे जातच नाहीत, जाहिरातवाल्यांच्या सर्व्हरकडे जातात.

म्हणजे इथे वाचणारा एकटा नाही. पलीकडे कुणीतरी आहे, आणि त्याला कळतं की तुम्ही आलात. ‘पान’ हा शब्द नेमकं हेच झाकतो.

आणि इथेच, ज्या शब्दाची आपण टिंगल करतो तो मराठी शब्द बाजी मारतो. ‘संकेतस्थळ’ म्हणजे जुन्या काव्यात अभिसारिका जिथे जाते ती भेटीची ठरलेली जागा. तिथे कुणीतरी वाट पाहत असतं. शिवाय ‘संकेत’ म्हणजे आधी ठरवलेला नियम, खूण. मागणी कशी करायची आणि उत्तर कसं द्यायचं याच्या ठरलेल्या नियमांवरच, म्हणजे एचटीटीपीवर, वेब चालतो. इंग्रजी ‘साइट’ म्हणजे नुसती जागा. मराठी शब्दात जागा आहे, नियम आहे आणि दुसरा माणूसही आहे. तो सुचवणाऱ्याच्या मनात हे सगळं होतं असा माझा दावा नाही. पण शब्द कसोटीला उतरतो. दुःख एवढंच की आपण तो सरकारी परिपत्रकाच्या खाली ‘संकेतस्थळावर उपलब्ध’ एवढ्यापुरता ठेवला.

‘ब्राउझर’चं उलट आहे. चाळणारा म्हणा नाहीतर न्याहाळणारा, दोन्हींतून वाटतं की हे बघण्याचं साधन आहे, चष्म्यासारखं. वेबचे नियम ज्या तांत्रिक दस्तऐवजांत लिहिलेत त्यांत ब्राउझरसारख्या प्रोग्रामला ‘युजर एजंट’ म्हणतात. मराठीत याला अगदी घरचा शब्द आहे : मुखत्यार. तुमच्या वतीने बोलणारा, तुमची माहिती पुढे करणारा, तुमच्या नावाने कागद घेणारा. चष्मा कुणी बनवला याने फारसा फरक पडत नाही. मुखत्यार कुणाच्या पगारावर आहे याने पडतो. तुमच्या फोनवर आधीपासून बसवून आलेला ब्राउझर जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीचा असेल, तर तो कुणाचा मुखत्यार हा प्रश्न सुचायला हवा. ‘पानं पाहण्याचं सॉफ्टवेअर’ ही व्याख्या पाठ केल्यावर तो सुचत नाही.

पाटी आणि गाव

लिंकला मराठीत ‘दुवा’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण साखळीतला दुवा दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. वेबची लिंक तशी नाही. ती रस्त्याकडेच्या पाटीसारखी आहे : ‘सातारा ४० किमी’. पाटी लावताना साताऱ्याला विचारावं लागत नाही, आणि साताऱ्याला पाटीचा पत्ताही नसतो. दोन्ही टोकांना एकमेकांची खबर राहील अशा लिंकांची कल्पना होती. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द घडवणारे टेड नेल्सन त्यासाठी आग्रही होते. बर्नर्स-ली यांनी एकतर्फी लिंक निवडली, आणि ती सोपी होती म्हणून वेब एवढा पसरला. त्याची किंमत म्हणजे तुटक्या लिंका. गाव धरणाखाली गेलं तरी पाटी उभीच.

अशा पाटीमागे गेलात की ‘४०४’ दिसतं. हा आकडा मीमपुरता प्रसिद्ध झाला. खरं तर सर्व्हर प्रत्येक मागणीला उत्तर देताना तीन आकडी क्रमांक देतो, आणि त्यातला पहिला आकडा अडचण कुठल्या बाजूची आहे ते सांगतो. दोनने सुरू झाला तर काम झालं. तीनने सुरू झाला तर दुसरीकडे जा. चारने सुरू झाला तर सर्व्हरच्या मते मागणीत गडबड आहे : ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही, ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. पाचने सुरू झाला तर चूक सर्व्हरच्या बाजूची आहे : ५०० म्हणजे आत काहीतरी कोसळलं, ५०३ म्हणजे गर्दीमुळे किंवा दुरुस्तीमुळे सध्या सेवा देता येत नाही. आणि क्रमांक आलाच नाही, ब्राउझरच म्हणाला की जोडणी होत नाही, तर मागणी तिथवर पोचली नसण्याचीच शक्यता जास्त.

आता ‘सर्व्हर डाऊन आहे’ पुन्हा ऐका. या तीन शब्दांत किमान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. इथलं नेट गेलंय. तिथली यंत्रणा कोलमडलीय. किंवा तुमच्या अर्जातली एखादी गोष्ट तिथे स्वीकारली जात नाहीये. पहिलीला इथला माणूस जबाबदार, दुसरीला तिथला, तिसरी तुम्ही स्वतः सुधारू शकता. अर्जाची मुदत रात्री बाराला संपत असेल तर हा फरक शब्दांचा उरत नाही. पडद्यावर ५०३ दिसत असताना काढलेला, तारीखवेळ असलेला स्क्रीनशॉट हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. ‘डाऊन होता हो’ हा नाही.

हे आकडेही नेहमी खरं बोलतात असं नाही. बऱ्याच साइट वरवर २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ असं उत्तर देतात आणि आत पानावर लिहितात, ‘अरेरे! काहीतरी चुकलं.’ मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे यामागचं एक कारण मला रास्त वाटतं. यंत्रणेच्या आतला तपशील चव्हाट्यावर मांडला तर तो चोरांच्या उपयोगी पडतो. पण ‘काहीतरी चुकलं’ आणि ‘आमच्याकडून चूक झाली, तुमचा अर्ज जतन झालेला नाही’ यांत सुरक्षेचा काही फरक नाही. पहिलं वाक्य निवडणारा जबाबदारी टाळतोय एवढंच.

चपलांचा बिल्ला

कसोटीला सगळ्यात कमी उतरणारा शब्द म्हणजे कुकी. ‘कुकीज स्वीकारा’ असं मराठीत छापलं की ते बेकरीतलं वाक्य वाटतं. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ही सोय घडवली, आणि नाव घेतलं ते प्रोग्रामरांच्या ‘मॅजिक कुकी’ या जुन्या शब्दावरून. त्याचा अर्थ एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेली खूण.

आपल्याकडे ही वस्तू प्रत्येक मोठ्या देवळाबाहेर असते. चपला ठेवल्या की नंबराचा बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं. पण तो परत दाखवला की स्टँडवाल्याला कळतं, तुमच्या चपला कुठल्या खणात आहेत. वेबला अशा बिल्ल्याची गरज होती, कारण सर्व्हर प्रत्येक मागणीकडे नव्याने बघतो. मघाशी तुम्हीच आला होता हे त्याला आपणहून कळत नाही. बिल्ला नसता तर पानोपानी पासवर्ड द्यावा लागला असता.

इथवर तक्रारीला जागा नाही. आता कल्पना करा, गावातल्या प्रत्येक दुकानाने एकाच कंत्राटदाराला दारात बसवलंय. तुम्ही औषधाच्या दुकानात गेलात, त्याने बिल्ला दिला. पुढे पुस्तकाच्या, दागिन्यांच्या दुकानात गेलात, तोच बिल्ला त्याच्याच माणसाने वाचला. नाव विचारलं नाही, पण दिवसअखेर तुमचा सगळा फेरफटका त्याच्या वहीत. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. काही ब्राउझर अशा बिल्ल्यांना आता आपणहून अडवतात. पण ‘छोटी फाइल’ या व्याख्येत स्टँडवाला आणि कंत्राटदार यांच्यातला फरक कुठे दिसतो? फाइल छोटीच आहे, वही मोठी आहे.

वेब डिझाइनचा प्रश्न इथे भाषेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. ‘स्वीकारा’चं बटण ठळक, रंगीत, अंगठ्याच्या खाली. ‘नको’ हे करड्या अक्षरांत, दोन पानं आत. फसव्या रचनेच्या अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नोंदवले. त्यातला एक प्रकार निव्वळ शब्दांचा आहे : नकार देणाऱ्याला ओशाळवाणं करणं. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण तुम्ही दाबलं असेल. तिथे कर्ता लपवलेला नाही. तो तुम्हालाच केलंय, आणि वाक्य दुसऱ्याने लिहिलंय.

कुलूप आणि ढग

चित्रंही शब्दांसारखीच बोलतात. पत्त्याशेजारचं कुलूप बरीच वर्षं ‘साइट सुरक्षित आहे’ असं सांगत राहिलं, निदान लोकांनी ते तसं वाचलं. त्याचा खरा अर्थ एवढाच होता की तुमच्या आणि त्या सर्व्हरच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे असं ते कधीच म्हणत नव्हतं. चोराच्या साइटलाही कुलूप फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं ते याच गैरसमजापायी.

कुलपापेक्षा पत्ता वाचायला शिकणं उपयोगी, आणि तो उजवीकडून वाचायचा. समजा पत्ता आहे ‘माझीबँक डॉट खासऑफर डॉट कॉम’. तो बँकेचा नाही, ‘खासऑफर डॉट कॉम’ ज्याने घेतलं त्याचा आहे. डावीकडे तो वाटेल ते नाव लिहू शकतो. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर जायला सांगितलं ते यासाठीच. ही शेपटी फक्त बँकांना मिळते. पण ज्याला शेपटी बघायची हेच ठाऊक नाही त्याला तिचा काय उपयोग?

क्लाउडबद्दल थोडक्यात. ढग कुणाच्या मालकीचा नसतो. हा ढग असतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल वर येतात, नवी मुंबईत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, त्यांना वीज, थंडावा आणि रखवालदार लागतो. ‘फोटो क्लाउडवर आहेत’ याचं खरं मराठी ‘फोटो भाड्याच्या खोलीत आहेत’ असं होईल. भाडं थकलं की काय होतं, हे लगेच लक्षात येतं.

संमती कुठल्या मराठीत?

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाडी चालवायला इंजिन कळावं लागत नाही, मग फोन वापरायला हे कशाला? मान्य, इंजिन कळायची गरज नाही. पण गाडीच्या कागदांवर सही करताना मालक कोण, विमा कुणाचा, हे कळावंच लागतं. आणि फोनवर आपण दिवसातून कितीतरी वेळा सही करतो.

ही सही आता कायद्याची बाब आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की माहिती वापरण्याची संमती मागताना ती मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे ‘कुकीज स्वीकारा’चं मराठी कुणालातरी लिहावं लागणार, आणि त्याखाली तुमचा अंगठा पडला की तो तुमचा होकार धरला जाणार. ते मराठी ‘उपकरणावर माहितीची साठवणूक व प्रक्रिया केली जाईल’ असं कर्मणी आणि कर्ताहीन असेल, तर कायद्याने दिलेली भाषा हातात येऊनही रिकामीच राहील.

ते असंही लिहिता येईल : ‘आम्ही तुमच्या फोनला एक बिल्ला देऊ. तो आम्ही आणि जाहिरात दाखवणाऱ्या अमुक कंपन्या वाचू. नको असेल तर इथे दाबा, साइट तरीही चालेल.’ यात एकही नवा पारिभाषिक शब्द नाही. आणि खिडकीवरचा कागद असा असू शकतो : ‘अर्ज घेणारी आमची यंत्रणा सकाळी अकरापासून बंद पडली आहे. इथलं नेट चालू आहे. मुदत वाढवायचा निर्णय अमुक अधिकारी घेतील.’ हे वाचून रांगेतल्या माणसाचं काम लगेच होणार नाही. पण त्याला घरी जाताना माहीत असेल की विचारायचं कुणाला.